जाहिराती कापू नका : ठाण्यात व्हीएचएस कॅसेटी डिजिटल करून घेण्याचा अनुभव

घरातल्या कपाटात व्हिडिओ कॅसेटी पडून असतील आणि त्यांत लग्न-मुंजींच्या जोडीला टीव्हीवरून रेकॉर्ड केलेलं काही असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी थोडं थांबा. मामा-मामींच्या घरच्या पिशवीभर कॅसेटी मी ठाण्यातल्या एका दुकानातून डिजिटल करून घेतल्या. काम फार चांगलं झालं, वेळ फार लागला. दोन्हींबद्दल सविस्तर लिहिते, कारण या कामाची दुकानं आता शोधावी लागतात आणि सापडली तरी नेमकं काय विचारायचं ते ठाऊक नसतं.

दुकानाचं नाव लिहीत नाही, मालकांनीच नको म्हटलं. सगळं काम ते एकहाती करतात, आणि कॅसेट डिजिटल करायची म्हणजे ती पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवावीच लागते. तीन तासांच्या कॅसेटला तीन तास, त्यात घाई करता येत नाही. नौपाड्यात एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. त्या भागातल्या कुठल्याही जुन्या फोटो स्टुडिओत विचारलंत तर पत्ता मिळेल. सगळे त्यांना काका म्हणतात. पूर्वी ते लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचे. त्या वेळचे एस-व्हीएचएस डेक, म्हणजे कॅसेट चालवणारी वरच्या दर्जाची यंत्रं, त्यांनी मोडीत काढले नाहीत, तेलपाणी करून चालते ठेवले. याचं मोल मोठं आहे. नवा व्हीसीआर आता जगात कुठेच तयार होत नाही. शेवटपर्यंत बनवत राहिलेल्या जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन बंद केलं. यंत्रातलं टेप वाचणारं हेड झिजलं की दुसऱ्या जुन्या यंत्राचं काढून बसवायचं, एवढाच मार्ग उरतो. काकांच्या आतल्या खोलीत अशी उघडलेली यंत्रं भिंतीला लावून ठेवलेली दिसली.

आता कॅसेटींबद्दल. मामा मस्कतला नोकरीला होते. ८५च्या सुमारास सुट्टीवर येताना त्यांनी व्हीसीआर आणला आणि परत जाताना मामींना सांगून गेले की चांगलं काही लागलं तर माझ्यासाठी घेऊन ठेव. तेव्हापासून मामा कायमचे डोंबिवलीला परतेपर्यंत मामींनी दूरदर्शनवरच्या मालिका टेपवर घेतल्या. पुढच्या सुट्टीत मामा रात्र रात्र बसून त्या बघायचे. आखातात नोकरीला असलेल्या माणसांच्या कितीतरी घरांत हे चालत असणार. कॅसेटींच्या पाठीवर मामींच्या अक्षरात चिठ्ठ्या आहेत : 'नुक्कड', 'वागले', 'गोट्या', 'महाभारत – द्यूत. पुसू नये'. ज्यांवर 'पुसू नये' आहे त्यांच्या कडेची प्लास्टिकची छोटी टिकली मोडलेली आहे, म्हणजे त्यावर चुकूनही दुसरं काही रेकॉर्ड होऊ नये. दोन-तीन ठिकाणी त्याच भोकावर नंतर सेलोटेप चिकटवलेला आहे. म्हणजे निर्णय बदलला, कॅसेट पुन्हा वापरली. खाली आधीचं काय होतं ते गेलं.

याआधी मी यातल्या एक-दोन कॅसेटी दुसऱ्या एका ठिकाणी दिल्या होत्या. तिथून आलेल्या फायलींत सगळे चेहरे आडवे फुगलेले होते. जुना टीव्ही चारास तीन मापाचा, आजचा पडदा सोळास नऊचा. त्यांनी चित्र ताणून आजच्या पडद्यात बसवलं होतं. शिवाय मालिका तेवढी ठेवून मधलं सगळं 'साफ' केलं होतं. पैसे दिले आणि कॅसेटी परत आणल्या.

काकांकडे पहिल्याच भेटीत फरक कळला. त्यांनी कॅसेट यंत्रात घातली नाही. झाकण उचलून टेपची कड उजेडात धरली आणि मला दाखवली. काळ्या चकचकीत रिळावर पांढऱ्या धुळीसारखी नक्षी होती. ती बुरशी. आपल्याकडच्या दमट हवेत, बंद कपाटात, ती धरणारच. अशी कॅसेट तशीच चालवली तर बुरशी यंत्राच्या हेडवर जाते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. मग त्यांनी पाच स्क्रू काढून कवच उघडलं, दोन्ही रिळं उचलून स्वच्छ कवचात ठेवली आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओल्या केलेल्या, तंतू न सुटणाऱ्या कापडामधून टेप सावकाश फिरवली. कापड करडं झालं, बदललं, पुन्हा करडं झालं. अर्धा इंच रुंदीची ती पट्टी, आणि तिच्यावर तिरक्या रेघांत साठवलेलं चित्र. ते वाचणारं गोल हेड मिनिटाला दीड हजार वेळा फिरतं. मधे धुळीचा एक कण आला की पडद्यावर पांढरी रेघ उमटते. मी शाळेत ग्रंथपाल होते. कसर लागलेली पुस्तकं हातात घेताना जपावं लागतं तसंच जपून ते या कॅसेटी हाताळत होते, आणि मला तिथेच खात्री पटली.

पुढचं तांत्रिक थोडक्यात. डेकमधून निघालेलं चित्र थरथरतं, उभ्या रेघा वाकतात. ते स्थिर करणारं टाइम बेस करेक्टर नावाचं यंत्र मधे असावं लागतं. काकांकडे आहे. तुम्ही जिथे द्याल तिथे हा प्रश्न आधी विचारा. आपल्याकडचं प्रक्षेपण पाल पद्धतीचं, सेकंदाला पंचवीस चित्रं, पण प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत यायचं, म्हणजे हालचाल पन्नास वेळा नोंदली जायची. स्टुडिओत चित्रित केलेल्या जुन्या कार्यक्रमांत हात हलला, मान वळली, की जो एक सलग, समोर घडतोय असा भास होतो तो त्यामुळे. बहुतेक दुकानांत यातला अर्धा भाग टाकून देतात आणि तो भास जातो. काका पन्नासचे पन्नास ठेवतात. चित्राच्या तळाशी एक थरथरती पट्टी दिसते, ती पूर्वी टीव्हीच्या चौकटीमागे लपायची. तीही त्यांनी कापली नाही, मला विचारून ठेवली.

मग त्यांनी विचारलं, "ताई, जाहिराती काढू का?"

नको म्हटलं. आणि या सगळ्या खटाटोपात सर्वांत मोलाचं जे हाती लागलं ते त्या एका 'नको'मुळे.

कारण असं की मालिका आज मिळतात. दूरदर्शनने एप्रिल २०२० मध्ये डीडी रेट्रो वाहिनी काढली, प्रसार भारतीने यूट्यूबवर जुना खजिना खुला केला, नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात 'वेव्हज' नावाचं ॲप आणलं. 'हम लोग' किंवा 'महाभारत' बघायला आज मामींच्या कॅसेटीची गरज नाही, आणि ही फार चांगली गोष्ट आहे. पण त्या संध्याकाळी टीव्हीवर एकामागून एक काय लागत होतं, ते सलग कुठे मिळत नाही. आणि मामींच्या टेपवरही ते जवळजवळ नव्हतंच! टेप महाग, म्हणून जाहिरात लागली की मामी पॉज दाबून धरायच्या. सुरुवातीच्या कॅसेटींत हे इतक्या काटेकोरपणे केलंय की शेवटच्या संवादातून थेट पुढच्या प्रसंगात उडी पडते. जिथे जिथे जाहिराती राहिल्यात, तिथे मामी स्वयंपाकघरात होत्या. कुकर लागलेला असणार, कुणी दारात आलेलं असणार. ज्या मालिकेसाठी एवढी टेप खर्ची घातली ती आज फोनवर आहे, आणि नजर चुकल्यामुळे जे राहून गेलं ते फक्त याच टेपवर आहे.

त्यातली एक कॅसेट पूर्णपणे अशी आहे. पाठीवर नुसतं 'मुंबई – संध्याकाळ' लिहिलंय. बहुधा पुढच्या मालिकेसाठी आधीच चालू करून ठेवली आणि राहून गेली. सुरुवातीला 'आमची माती आमची माणसं'चा शेवट : कृषी विद्यापीठातले एक गृहस्थ खतांच्या मात्रा सांगतायत, एकरी किती, केव्हा, कितव्यांदा, आणि मुलाखत घेणारा प्रत्येक आकडा परत उच्चारतो, घरी बसून लिहून घेणाऱ्याला वेळ मिळावा म्हणून. मग निवेदिका, काठाची साडी, पुढचे कार्यक्रम सांगते आणि कॅमेरा बंद होईपर्यंत तशीच हसत बसून राहते. मग प्रदीप भिडे बातम्या सांगतात. २०२२ च्या जूनमध्ये ते गेले तेव्हा मला त्यांच्या आवाजाची आठवण झाली होती, पण आठवण निराळी आणि हे निराळं. त्यांचा तो न चढणारा, न पडणारा स्वर, जोडाक्षरांवरचा नेमका दाब. शेजारी पट्ट्या धावत नाहीत, कोपऱ्यात आकडे नाहीत. एक माणूस कागदावरून वाचतो आणि आपण ऐकतो. धरणातल्या पाणीसाठ्याची बातमी मी पूर्ण ऐकली, जिचा आज कुणालाच काही उपयोग नाही.

आणि त्यानंतर 'आपण यांना पाहिलंत का?'. हरवलेल्या माणसांचे फोटो. वय, उंची, बांधा, अंगावरचे कपडे, बोलता येणाऱ्या भाषा, कुठल्या पोलीस ठाण्याशी संपर्क साधावा. एक फोटो शाळेच्या गणवेशातल्या मुलाचा आहे, केस चापून बसवलेले, बहुधा ओळखपत्रासाठी काढलेला. तो सापडला असेल तर आज पन्नाशीच्या आसपास असेल. हे मालिकांच्या संग्रहात कधीच येणार नाही, कारण ही मालिका नव्हे, मधला मजकूर. मी ते नाव इथे लिहीत नाही. पण एवढं म्हणते की दूरदर्शनच्या त्या काळाबद्दल कुणी 'किती छान, किती निरागस दिवस' म्हटलं की मला आता हा मुलगा आठवतो.

जाहिरातींत विको टर्मरिकची आहे. कारखाना आमच्या डोंबिवलीतला, त्यामुळे ती लागली की लहानपणी आम्ही उगाच ताठ बसायचो. सर्फच्या ललिताजी आहेत, कविता चौधरी. ज्या बाईंनी पुढे 'उडान' लिहिली, दिग्दर्शित केली आणि तिच्यात कामही केलं, त्या इथे भाजीवाल्याशी घासाघीस करतायत. 'हमारा बजाज' आहे, आकुर्डीच्या स्कूटरची. माझी मुलगी सई सव्वीस वर्षांची आहे. तिने मालिकांपेक्षा जाहिराती जास्त लक्ष देऊन पाहिल्या. तिचं म्हणणं, मालिकेतलं घर सेटवाल्याने लावलेलं असतं, जाहिरातीत मात्र लोकांना काय हवं होतं ते दिसतं. मला ते पटलं. एका स्कूटरवर चौघांचं कुटुंब बसलंय आणि सगळे आनंदात आहेत, यात त्या वेळच्या मध्यमवर्गाची अख्खी इच्छा आहे.

आता मालिकांकडे वळते, कारण सगळ्या सलग पुन्हा पाहिल्यावर माझी काही मतं पक्की झाली.

आठवण माणसाला पडद्यासमोर आणून बसवते, पण तिची ताकद शीर्षकगीतापुरती आणि फार तर पहिल्या दहा मिनिटांपुरती. त्यानंतर मालिकेने स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं. काही राहतात, काही मुळीच राहत नाहीत.

'महाभारत' घ्या. २ ऑक्टोबर १९८८ ला सुरू झालं, जून १९९० पर्यंत चाललं. तेव्हा आम्ही आ वासून काय बघत होतो? बाण. हवेत एकमेकांवर आदळणारे, एकाचे दहा होणारे. आज नेमकं तेच बघवत नाही. ज्या गोष्टीवर त्या वेळी 'काय कमाल आहे' म्हटलं जातं तीच सर्वांत आधी शिळी होते, कारण कमाल तंत्राची असते आणि तंत्र पुढे जातं. पण द्यूताचा भाग लावा. तिथे बाण नाहीत. एक सभा आहे, फासे आहेत, आणि न बोलणारी मोठी माणसं आहेत. राही मासूम रझांचे संवाद तिथे एकेका शब्दाने माणसाला कोपऱ्यात नेतात. कॅमेरा भीष्मांच्या चेहऱ्यावर थांबतो आणि थांबूनच राहतो. सई मोबाइल खाली ठेवून बघत होती. मामींनी नेमक्या याच कॅसेटीवर 'पुसू नये' लिहिलं होतं, तेव्हाच, १९८९ मध्ये. त्यांची निवड किती अचूक होती!

'नुक्कड' १९८६ची. कुंदन शाह आणि सईद मिर्झा. गुरू इलेक्ट्रिशियन, हरी सायकलवाला, कादरभाईचं हॉटेल, दारूडा खोपडी, आणि आपले अजय वढावकर गणपत हवालदार. सेट सेटसारखाच दिसतो, भिंतीचा रंग खोटा आहे, आवाज घुमतो. तरीही मी एकामागून एक भाग बघत गेले. या मालिकेत प्रत्येकाच्या हाताला काहीतरी काम आहे, किंवा काम नसल्याचं दुःख आहे. हरी बोलतो तेव्हा तो ट्यूब पाण्यात धरून पंक्चर शोधत असतो. माणसं कामात असताना बोलतात, म्हणून त्यांचं बोलणं जुनं होत नाही. नंतरच्या वर्षांत मालिकांमधून काम जवळपास नाहीसंच झालं. लोक भरजरी कपड्यांत दिवाणखान्यात उभे राहून बोलायला लागले, कोण काय करतो ते कळेनासं झालं. 'नुक्कड'कडे मन ओढलं जातं त्यात बालपणाच्या आठवणींचा वाटा आहेच, पण मला वाटतं, पडद्यावर कष्टकरी माणूस दिसण्याची जी भूक आहे तिचा वाटा त्याहून मोठा आहे.

'रजनी', म्हणजे रोजच्या अन्यायाविरुद्ध भांडणाऱ्या गृहिणीची मालिका, तिच्याबद्दल मला वाईट वाटलं. प्रिया तेंडुलकर आजही तितक्याच ताठ दिसतात, नजर तशीच धारदार. गॅस सिलिंडर, टॅक्सीवाले, शाळाप्रवेश. १९८५ मध्ये त्या मालिकेने टॅक्सीवाल्यांना मोर्चा काढायला लावला होता, एवढी ती झोंबली होती. पण आज तिच्यातलं भांडण फार लवकर सुटतं. रजनी ऑफिसात जाते, बोलते, समोरचा ओशाळतो. आज दाद मागायला गेलं तर समोर ओशाळायला माणूसच नसतो, रेकॉर्ड केलेला आवाज असतो. दोष मालिकेचा नाही. अन्याय करणाऱ्याला चेहरा होता अशा काळासाठी ती लिहिलेली आहे.

'वागले की दुनिया' मात्र वेगळ्या तऱ्हेने टिकली. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतला कारकून, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर. तिच्यातली एकूण एक वस्तू कालबाह्य आहे : फोनची डायल, हिशेबाची वही, पाहुण्यांसाठी वेगळे ठेवलेले कप. त्या वेळी या वस्तूंकडे कुणाचं लक्षही गेलं नसेल. आज प्रसंग बाजूला राहतो आणि आपण मागचं कपाट बघत बसतो. अशी मालिका जितकी जुनी होईल तितकी कागदपत्रासारखी कामाची होत जाते. आणि भारती आचरेकर पदराला हात पुसत बाहेर येतात ती ढब कुठल्याही काळात खरीच वाटेल.

'गोट्या' आणि १९९३ची गुप्तहेरकथांची 'ब्योमकेश बक्षी' या दोघींना वय लागलेलं नाही, आणि त्याचं कारण सोपं आहे. ना. धों. ताम्हनकरांचं पुस्तक मालिका आली तेव्हाच जुनं होतं, ब्योमकेशचं कोलकाताही. ज्या गोष्टी जन्मतःच मागच्या काळातल्या असतात त्यांना मागे पडायला जागाच नसते. बासू चटर्जींनी तर ब्योमकेशला पळवलंही नाही. रजित कपूर धोतर सावरून बसतो, ऐकतो आणि विचार करतो. अशोक पत्कींनी संगीत दिलेलं 'गोट्या'चं शीर्षकगीत लागलं तेव्हा मामी शेवटच्या ओळीपर्यंत बरोबर म्हणाल्या. मामींना आता कालची गोष्ट आठवत नाही.

सगळंच जुनं चांगलं होतं असं मात्र कुणी म्हणू नये. पिशवीत एका मालिकेचे काही भाग असे निघाले की त्यात प्रत्येक पात्र दुसऱ्याला उपदेश करतं, दर प्रसंगानंतर कॅमेरा पंख्यावर जातो, आणि कर्ती बाई म्हटली की ती रडणारच. ते मी पुढे ढकलत पाहिलं. संथपणा आणि रटाळपणा यांत फरक आहे. भीष्मांच्या चेहऱ्यावर थांबणं हा संथपणा. पुढचा संवाद आठवेपर्यंत नटाने खिडकीकडे बघणं हा रटाळपणा. वीस वर्षांचा कुणी 'जुन्या मालिका बघवत नाहीत' म्हणाला तर त्याला अरसिक ठरवण्याआधी यातलं काय त्याच्यासमोर लावलं होतं ते विचारायला हवं.

टाळेबंदीत हे मोठ्या प्रमाणावर दिसलं होतं. २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवलं आणि १६ एप्रिलच्या भागाला ७.७ कोटी प्रेक्षक लाभल्याचं दूरदर्शनने सांगितलं. मामा-मामी हात जोडून बघत होते, सई आणि तिचे मित्र फोनवर त्यातलेच चेहरे कापून एकमेकांना पाठवत होते. दोघंही खरंच बघत होते. ३३ वर्षांपूर्वीची मालिका एकाच घरात दोन खोल्यांत दोन वेगळ्या गोष्टी होऊन चालते, हे मला आजही नवलाचं वाटतं.

एवढं सगळं मला बघता आलं ते चित्र जसं होतं तसं हाती आलं म्हणून. काकांनी नमुना म्हणून 'नुक्कड'चा एक मिनिटाचा तुकडा एआयने 'सुधारून'ही दाखवला. खोपडीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या गेल्या, दाढीचे खुंट गेले, डोळे काचेचे झाले. समीर खक्करांनी त्या चेहऱ्यावर जो थकवा आणला होता, तोच यंत्राने दोष समजून पुसला. असलं काही करू नका, आणि कुणी फुकट करून देतो म्हटलं तरी मूळ फाइल आधी घ्या.

हे मी एवढ्या पोटतिडकीने लिहिते त्याला कारण आहे. दूरदर्शनच्या सुरुवातीच्या वर्षांत टेप महाग होती, जुना कार्यक्रम पुसून त्यावर नवा चढवला जायचा. बीबीसीतही साठच्या दशकातल्या कितीतरी कार्यक्रमांचं हेच झालं. त्याच वर्षांतल्या 'चिमणराव गुंड्याभाऊ' या मालिकेसाठी घरोघरी जेवणाची ताटं पुढे-मागे व्हायची. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचं ते काम आज बघायचं म्हटलं तर हाताला मोजके तुकडे लागतात. मामींच्या पिशवीत तेही नव्हतं, कारण तेव्हा त्यांच्याकडे व्हीसीआरच नव्हता. पण ८५ नंतरचं कुणाकुणाच्या कपाटात अजून आहे.

आता दुकानातल्या उणिवा. सांगितलेल्या मुदतीपेक्षा खूपच उशीर झाला, फोन बहुतेक वेळा उचलला जात नाही, प्रत्यक्षच जावं लागतं. जिना अरुंद आणि चढा आहे, लिफ्ट नाही, त्यामुळे वयस्कर माणसांनी स्वतः जाऊ नये. पावती मागितल्यावरच मिळाली. कॅसेटींची यादी मी घरून लिहून नेली होती, तिच्यावर सही घेतली, तुम्हीही घ्या. फायलींना नुसते आकडे दिले होते. मी सगळ्या पुन्हा बघून नाव, अंदाजे साल आणि मामींची चिठ्ठी जशीच्या तशी अशी नोंद केली. ग्रंथपालाला हे काम आवडीचं, पण प्रत्येकाला जमेलच असं नाही, आणि काकांनी निदान चिठ्ठीवरचा मजकूर फाइलला द्यायला हरकत नव्हती. एका कॅसेटीचा आवाज फार दबलेला आहे. एका कॅसेटीच्या मधल्या भागाला टेप चुरगळली होती, तिथे चित्र नाही. ते त्यांनी आधीच सांगितलं होतं.

दर : तीन तासांपर्यंतच्या कॅसेटीला ४०० रुपये, बुरशी काढायची असेल तर वर २५०, कवच बदललं तर १००. हार्ड डिस्क आपली न्यायची, आणि मोठी न्या, कारण मूळ दर्जाची फाइल तासाला साधारण १३ जीबी होते. सोबत फोनवर बघण्याजोगी लहान फाइल ते देतात. दोन्ही मागून घ्या. मिळालेलं घरापुरतंच ठेवा, मालिकांचे हक्क दुसऱ्यांचे असतात.

नेण्याआधी घरच्या जुन्या व्हीसीआरमध्ये कॅसेट 'चालते का बघू' म्हणून मुळीच घालू नका. उभ्या ठेवून, प्लास्टिकऐवजी कापडी पिशवीतून न्या. चिठ्ठ्या काढू नका. चित्र ताणायचं नाही आणि जाहिराती कापायच्या नाहीत, हे यादीच्या वरच लिहून द्या. सोमवारी दुकान बंद असतं. पावसाळ्यात बुरशीच्या कॅसेटी काका घेत नाहीत, त्या हवेत साफ केलेली टेप नीट वाळत नाही. दिवाळीनंतर गेलात तर काम लवकर होईल.